भजनी मंडळात आणि गणेशोत्सवात पारलिंगी सदस्याला सामावून घेताना

इंदूरमधील एखाद्या मराठी भजनी मंडळाकडे किंवा गणेशोत्सव समितीकडे पारलिंगी (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःला वेगळे मानणारी) व्यक्ती सदस्य होण्यासाठी आली, तर देवाच्या दारी सगळे सारखेच, असे उत्तर सहज दिले जाते. अडचण पुढे येते : हळदीकुंकवाच्या यादीत नाव घालायचे का, पंगतीत पान कोठे मांडायचे, आरतीचे तबक कोणाच्या हाती द्यायचे. म्हणून कार्यकारिणीने हे सारे उत्सवापूर्वीच ठरवावे.

प्रथम त्या व्यक्तीला एकांतात विचारावे की नाव कोणते लिहायचे आणि ताई म्हणायचे की दादा. सांगितलेलेच नाव वर्गणीच्या पावतीवर, सदस्यांच्या वहीत आणि व्हॉट्सॲप गटात असावे. जुने नाव किंवा शस्त्रक्रिया यांची चौकशी करू नये, आणि प्रमाणपत्र तर मुळीच मागू नये. टाळ हाती घेण्यासाठी आजवर कोणाकडे कागद मागितलेला नाही.

सर्वांत जास्त कुरबुर हळदीकुंकवावरून होते. स्वतःला स्त्री मानणाऱ्या सदस्येला इतर बायकांसारखेच आमंत्रण आणि तेच वाण द्यावे, ओटी भरायची असेल तर तिचीही भरावी. ज्येष्ठ बायकांना चालेल का, हा आक्षेप येणारच. विधवांना बोलवण्यावरूनही असाच वाद अनेक घरांत झाला आहे, आणि तेथे भाषणांपेक्षा घरातल्या वडीलधाऱ्या बाईने स्वतः पुढे होऊन लावलेल्या कुंकवाचा उपयोग अधिक होतो. तेव्हा अशा एका आजींशी आधी बोलून ठेवावे. स्वतःला पुरुष मानणाऱ्या सदस्याला मात्र हळदीकुंकवाचे आमंत्रण धाडू नये. मूर्ती आणण्याचे आणि विसर्जनाचे काम सोपवावे.

मूल जन्मले की आशीर्वाद द्यायला किन्नर येतात, ही प्रथा सर्वांना ठाऊक आहे; पण म्हणून प्रत्येक पारलिंगी सदस्याकडे आशीर्वाद मागणे किंवा हातावर पैसे ठेवणे टाळावे. त्यात आदर असला तरी सदस्य पुन्हा परका ठरतो. अर्धनारीनटेश्वराचा किंवा शिखंडीचा दाखला कीर्तनकाराने जरूर द्यावा, फक्त समोर बसलेल्या व्यक्तीकडे पाहून देऊ नये. वडीलधाऱ्यांना जवळचा दाखला अधिक पटतो : २०१६ च्या सिंहस्थात, येथून तासा-दीड तासावरच्या उज्जैनमध्ये, किन्नर साधूंच्या आखाड्याची, म्हणजे किन्नर आखाड्याची, शोभायात्रा निघाली होती.

तरीही कोणी अडून बसले, तर पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय आणि त्यांच्या हक्कांच्या संरक्षणासाठीचा २०१९ चा केंद्रीय कायदा यांची आठवण द्यावी; सर्वांसाठी खुल्या असलेल्या सोयी-सुविधांत पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास या कायद्याने मनाई आहे. मात्र बोलण्याची सुरुवात कायद्याने करू नये, कारण त्याने माणसे गप्प बसतात आणि पंगतीत शेजारचे पान रिकामे राहते. टोमणा किंवा अपमान झाल्यास कोणाकडे जायचे, त्या एका पदाधिकाऱ्याचे नाव नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगावे, आणि तक्रारीची चर्चा सर्वांसमोर न करता समितीच्या बैठकीतच करावी.