मांजरेच्या काठी जबड्याचं हाड सापडलं? या चुका टाळा

पुरानं मांजरेचा काठ ढासळतो तेव्हा त्यातून कधी कधी काळपट, दगडासारखं जड हाड डोकावतं. मांजरा-गोदावरीच्या जुन्या गाळात नामशेष झालेल्या हत्तींची, रानबैलांची अश्मीभूत हाडं मिळालेली आहेत. असं काही दिसलं तर फेकू नका आणि उपटूनही आणू नका.

उपटणं हीच सगळ्यात मोठी चूक. एवढ्या जुन्या हाडाचं वय बहुतेक वेळा ते ज्या थरात होतं त्यावरून ठरतं. इथिओपियात लेडी-गेरारूला 2013 मध्ये चलाच्यू सेयूम यांना प्राचीन मानवाच्या जबड्याचा डावा भाग पाच दातांसह मिळाला. तो सुमारे 28 लाख वर्षांचा, हे आसपासच्या ज्वालामुखीच्या राखेवरून कळलं. म्हणून हाड जागेवरच ठेवून शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, फोटो काढा, मोबाईलवर ठिकाण नोंदवा आणि काठाच्या माथ्यापासून ते किती खोल आहे ते मोजा.

जर्मनीत माउएरला 1907 मध्ये वाळूच्या खाणीत डॅनियल हार्टमान या मजुराला प्राचीन मानवाचा जबडा सापडला. हाडं दिसली तर कळवा, असं शोटेनझाक हे अभ्यासक तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. आपल्याकडे वाळूघाटावरच्या, जेसीबीवरच्या पोरांना हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हाड आधीच सुटून पडलं असेल तर ते घासून धुऊ नका. ओलं हाड उन्हात ठेवलं की तडकतं, सावलीत हळूहळू वाळू द्या. फेव्हिकॉल, वार्निश, तेल, शेंदूर यातलं काहीही लावू नका.

दाढा दिसल्या म्हणजे माणूसच, असंही नाही. नेब्रास्कातल्या एका दाताला 1922 मध्ये मानवसदृश वानराचा म्हणून जाहीर केलं होतं. तो डुकरासारख्या प्राण्याचा निघाला आणि 1927 मध्ये दावा मागे घ्यावा लागला. गाई-म्हशींच्या दाढा उंच असतात, वर चंद्रकोरीसारख्या कडा असतात. डुकराच्या दाढा मात्र झिजल्यावर आपल्या दाढांसारख्याच दिसतात, तिथे भलेभले फसतात. हनुवटी नाही म्हणून जबडा माणसाचा नाही, असंही म्हणू नका. प्राचीन मानवांना आपल्यासारखी पुढे आलेली हनुवटी नव्हती. काळ्या पाषाणाच्या पोकळीतले पांढरे टोकदार खडे मात्र दात नव्हेत, स्फटिक असतात.

फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाठवा. तोवर गावच्या ग्रुपवर जागा टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथं कुदळी पोचतात आणि थर उरत नाही.