ॲपमधून बँक खातं उघडताय? आधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी शोधायचं ते हे, की खातं नक्की कोणत्या बँकेत उघडतंय. फक्त ॲपवर चालणाऱ्या बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. त्यामुळे ‘दोन मिनिटांत खातं’ म्हणणाऱ्या प्रत्येक ॲपच्या मागे एखादी परवानाधारक बँक असावीच लागते. ज्युपिटर आणि फाय या ॲपांवरून उघडलेली बचत खाती फेडरल बँकेची, नियोएक्सची इक्विटास स्मॉल फायनान्स बँकेची. बँकेचं नाव बहुतेक वेळा स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. ते वहीत लिहा आणि त्या बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवर या ॲपचा उल्लेख आहे का ते पाहा. वेबसाइटचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतोय ना, तेही बघा. बँकांनी या पत्त्यावर यावं म्हणून रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली होती. बँकेचं नावच सापडत नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ॲप काढून टाका.

याच नावावर तुमच्या ठेवीचा विमाही ठरतो. ४ फेब्रुवारी २०२०पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा आहे. तो बँकेमागे मोजतात, ॲपमागे नाही. दोन ॲपांवर दोन खाती उघडलीत आणि मागे बँक एकच निघाली, तर संरक्षण दहा लाखांचं होत नाही. ॲपमागे पेमेंट्स बँक (ठेवी घेणारी, पण कर्ज न देणारी मर्यादित बँक) असेल तर दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

आता कागदपत्रं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा आणि ते सिम तुमच्याच हातात हवं. ओटीपी त्यावरच येणार. नंबर जुना असेल, किंवा वडिलांचा दिलेला असेल, तर आधी आधार सेवा केंद्र गाठा. पॅन आधारला जोडलेलं आहे का, ते प्राप्तिकराच्या पोर्टलवर पाहा. जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं आणि मग सगळं तिथेच अडतं.

खरी डोकेदुखी नावाची. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतं. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर मधलं नावच गायब. लग्न झालेल्या बाईचं पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या, हे तर घरोघरी आहे. शिवाय इंग्रजी स्पेलिंग. एकट्या ‘चौधरी’चीच तीन-चार सापडतील. शाखेत असता तर काउंटरवरच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून, वर एक प्रतिज्ञापत्र घेऊन विषय मिटवला असता. ॲपमध्ये नावं आधी मशीन ताडून बघतं आणि कुठलं अक्षर खटकलं ते सांगत नाही, नुसतं ‘पडताळणी अयशस्वी’ म्हणतं. म्हणून दोन्ही कार्डं समोर ठेवा आणि नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर दुरुस्ती आधी, खातं नंतर. पत्त्याचं तेवढं अवघड नाही. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात भाड्याने असेल, तर सध्याचा पत्ता वेगळा देता येतो.

नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेलं खातं म्हणजे अर्धं खातं, हे कुठलीही जाहिरात मोठ्या अक्षरात सांगत नाही. त्यात एका वेळी १ लाखापेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात एकूण २ लाखांपेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही, आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पडताळणी, झालं नाही तर खातं बंद होतं. महिना ५५ हजार पगार अशा खात्यात वळवलात, तर चौथ्या पगारालाच मर्यादा ओलांडली जाते. मग केवायसी पूर्ण होईपर्यंत खातं थांबू शकतं, आणि घरमालकाला यातलं काहीच ऐकायचं नसतं. असं नुसत्या ओटीपीवरचं दुसरं खातं कुठल्याही बँकेत नाही, असंही तुमच्याकडून लिहून घेतात, म्हणजे टिक करून घेतात. त्यामुळे पूर्ण केवायसी, शक्यतो व्हिडिओ कॉलवरच, लगेच उरकून घ्या.

व्हिडिओ केवायसीला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२०मध्ये परवानगी दिली. कॉलवर बँकेचाच अधिकारी हवा, ॲप कंपनीचा माणूस चालत नाही. कॉलला बसताना मूळ पॅन कार्ड हाताशी ठेवा. ई-पॅनची, म्हणजे डिजिटल पॅनची, छापील प्रत नियमात बसत नाही. ई-पॅन असेल तर ते फाइल म्हणूनच द्यावं लागतं. कोरा कागद आणि पेनही जवळ असू द्या, सही करून दाखवायला सांगतात. फोनचं लोकेशन चालू, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणाहून वळवणारी सोय) बंद. भारताबाहेरचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडणीचे क्रमांक, अडवायचे असा नियम आहे, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू राहिलं तर पुण्यात बसलेला माणूसही परदेशात दिसू शकतो. उजेड समोरून येऊ द्या, खिडकी पाठीशी नको. प्रश्न साधेच असतात: जन्मतारीख, आईचं नाव, काम काय करता. पण उत्तरं तुमची तुम्ही द्या. शेजारून कोणी हळूच सांगतंय असं दिसलं तर अधिकारी कॉल तिथेच थांबवू शकतो. आई-वडिलांसाठी खातं उघडत असाल तर त्यांना हे आधी नीट समजावून सांगा, कारण शेजारी बसून उत्तरं पुरवण्याची आपली सवय जाता जात नाही. आणि कॉलवरचा माणूस ओटीपी तोंडी मागू लागला किंवा स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगू लागला, तर तो बँकेचा नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

परवानग्या देताना हात जरा आखडता ठेवा. कॅमेरा, माइक आणि लोकेशन ठीक. फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट बचत खात्याला कशाला लागतात? कर्ज किंवा क्रेडिट कार्डाच्या चौकटीत आधीच टिक केलेली असेल तर काढा. किमान शिल्लक, डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क आणि एसएमएसचे पैसे बँकेच्या दरपत्रकात बघा, ॲपच्या जाहिरातीत नको. ‘झिरो बॅलन्स’वाल्या खात्यातही कार्डाचे पैसे कापले जाऊ शकतात.

नॉमिनीचा रकाना ‘नंतर भरा’ म्हणून सोडू नका. १ नोव्हेंबर २०२५पासून ठेव खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात.

खातं उघडलं की आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बघा. ती बँकेची ओळख असते, फेडरल बँकेची एफडीआरएल. वहीत लिहिलेल्या नावाशी ती जुळली पाहिजेत. बँकेने दिलेला ग्राहक क्रमांक घ्या आणि बँकेचं स्वतःचं ॲप किंवा नेट बँकिंगही सुरू करून ठेवा. भागीदार ॲप उद्या बंद पडलं, किंवा बँकेशी त्याचं फाटलं, तरी पैसे बँकेतच असतात. फक्त तिथवर पोचायची दुसरी वाट तुमच्याकडे हवी. तक्रारही आधी बँकेकडेच करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. पगाराचा खाते क्रमांक बदलायचा अर्ज मात्र पूर्ण केवायसी झाल्याचा बँकेचा मेसेज आल्यावरच ऑफिसात द्या.