माणूस घरी आलाच नाही तर पहिल्या दोन तासांत काय करायचं

झेडडीएफ या जर्मन चॅनलची 'लेट्झ्टे श्पूर बर्लिन' म्हणून एक सिरीयल आहे, २०१२ ला सुरू झालेली, नावाचा अर्थ शेवटचा माग. बर्लिन पोलिसांचं एक छोटं पथक फक्त बेपत्ता माणसं शोधतं. खुनाच्या सिरीयलमध्ये माणूस गेलेलाच असतो, इथं तो जिवंत मिळू शकतो म्हणून जीव टांगणीला लागतो. आणि ते लोक नुसते गल्ल्या धुंडाळत नाहीत, त्या माणसाचं घर, नोकरी, भांडणं, कर्ज सगळं उपसतात.

सिरीयलचं सांगायचं कारण असं की गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमचे मामा, वय ७४, हल्ली विसरायला लागलेत, चार वाजता गड्डा बघून येतो म्हणून गेले ते सात वाजले तरी पत्ता नाही. आम्ही चौघं येड्यासारखं होम मैदानावर पाळण्यांभोवती फिरतोय. शेवटी बायकोचा फोन, अहो खुंटीवरची कापडी पिशवी नाहीये. ती पिशवी मामा फक्त अक्कलकोटला जाताना घेतात! एसटी स्टँडवर बाकड्यावर बसले होते, शेंगा खात.

म्हणून आधी घर बघा. चष्मा, बीपीच्या गोळ्या, चार्जर, पैसे, कुठली चप्पल, काय नेलंय आणि काय राहिलंय. शेवटचं कुणी बघितलं, काय बोलणं झालं, हे आठवतंय तोवर कागदावर लिहून काढा, नंतर प्रत्येकजण वेगळं सांगतो. घरात एकाला बसवून ठेवा. माणसाकडं मोबाईल असेल तर दहा जणांनी सारखे फोन लावू नका, बॅटरी संपली की तो धागाही तुटतो.

फोटो अलीकडचा, समोरून चेहरा दिसणारा. लग्नातला फेटा बांधलेला फोटो काही कामाचा नाही. सोबत कपडे, उंची, जखमेची खूण, आणि भाषा नक्की लिहा. आपल्याकडं सोलापुरात शहराच्या पूर्व भागातली म्हातारी माणसं गोंधळली की तेलुगूवरच येतात, कुणी कन्नडवर, मग समोरच्याला वाटतं हे काहीच बोलत नाहीत.

तोवर एकानं पोलीस ठाणं गाठायचं. २४ तास थांबायचा नियम वगैरे काही नाही, ही सगळ्यात मोठी अफवा. आम्हालाही एका ठाण्यात सकाळपर्यंत वाट बघा म्हणाले होते, तिथंच ठाण मांडून बसलो तेव्हा कुठं मिसिंग, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची नोंद घेतली. नोंदीचा नंबर आणि तपास कुणाकडं आहे ते विचारून घ्या. १८ च्या आतलं पोरगं असेल तर नुसत्या मिसिंगवर समाधान मानू नका, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय की अपहरण धरून एफआयआरच घ्यायचा. जर्मनीतपण साधारण तसंच, मोठा माणूस आपल्या मर्जीनं कुठंही जाऊ शकतो म्हणून जिवाला धोका दिसतोय का हे बघतात, लहान मुलांबाबत धोका धरूनच चालतात. लगेच फोन करायचा तर ११२, मुलांसाठी १०९८, रेल्वेत हरवलं तर १३९.

बाकीच्यांनी एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सिव्हिलची कॅज्युअल्टी वाटून घ्यायची. गड्डा असेल तर माईकवरून पुकारा करायला सांगा. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकताना तारीख टाका, नाहीतर माणूस घरी येऊन दोन वर्षं झाली तरी फिरत राहतो. सापडलाय, पण आधी पैसे पाठवा असा फोन आला तर एक रुपया देऊ नका, नंबर सरळ पोलिसांना.

सापडल्यावर ठाण्यात परत जाऊन तसं कळवावं लागतं, नाहीतर नोंद उघडीच राहते. आम्ही मामांना घेऊनच गेलो, साहेब जबाब लिहितायत आणि मामा त्यांनाच विचारतायत, अक्कलकोट गाडी लागली का हो?