विश्व पसरतंय म्हणजे नक्की काय, लास्टिक आणि चादर घेऊन घरी कसं दाखवायचं

सोलापुरात माझं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं काम आहे, त्यामुळे घरात लास्टिक आणि बटणांना तोटा नाही. दिवाळीच्या सुट्टीत सातवीतली भाची आली होती, जेवताना तिनं विचारलं, मामा, विश्व पसरतंय म्हणतात तर ते कशात पसरतंय, बाहेर जागा कुठं आहे? तोंडी सांगून तिला काही पटेना, हातानं करून दाखवल्यावर मात्र लगेच कळलं. म्हणून ते कसं केलं ते सगळं लिहितोय, तुमच्याकडं पण कुणीतरी हे विचारणारच.

आधी साठ-सत्तर सेंटीमीटर लास्टिक घ्या. मऊ घ्या, कडक विणीचं नको, ते दुप्पट ताणलं जात नाही. दर १० सेंटीमीटरवर शर्टाचं एक बटण, अशी पाच बटणं लावा, आणि प्रत्येक बटण मधे एकाच जागी टाके घालून अडकवा म्हणजे खालचं लास्टिक मोकळं ताणलं जातं. पहिल्यांदा मी बटणांऐवजी पेनानं ठिपके काढले होते, ती चूक झाली, कारण ताणल्यावर ठिपके पण लांबट झाले आणि पोरगी म्हणाली, मग आपण पण लांब होतोय का? तर नाही. सोलापूर-पुणे अंतर वाढत नाही, सूर्यमाला वाढत नाही, आपली अख्खी आकाशगंगासुद्धा पसरत नाही, गुरुत्वाकर्षणानं ती घट्ट बांधलेली आहे. वाढते ती दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड मेळ्यांच्या, समूहांमधली जागा. म्हणून बटणंच पाहिजेत, बटण तेवढंच राहतं आणि मधलं लास्टिक वाढतं.

आता दोघांनी दोन टोकं धरून लास्टिक दुप्पट ताणा आणि तिसऱ्यानं टेप लावून मोजा. पहिल्या बटणावर आपण बसलोय असं समजा. शेजारचं बटण १० वरून २० वर गेलं, म्हणजे १० सेंटीमीटर सरकलं, त्याच्या पुढचं २० वरून ४० वर, म्हणजे २० सरकलं, त्याच्या पुढचं ३०. वेळ सगळ्यांना सारखाच लागला, पण जे जितकं लांब ते तितकं जास्त पळालं. मग मधल्या बटणावर बसून परत मोजा, तिथून पण अगदी हेच दिसतं, दोन्ही बाजूंची बटणं लांब जातायत. हे मोजणं टाळू नका, सगळा जीव याच्यातच आहे. सगळं आपल्यापासून लांब जातंय म्हणून आपण मधोमध आहोत असं होत नाही, प्रत्येक बटणाला तसंच वाटतं.

बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आणि अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२९ मध्ये हेच मांडलं. आजचा आकडा साधारण असा की ३२.६ लाख प्रकाशवर्षं (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर जातो तेवढं) लांब असलेली दीर्घिका सेकंदाला ७० किलोमीटर वेगानं लांब जाते, दुप्पट लांब असेल तर १४०. मोजायच्या दोन मोठ्या पद्धतींतून ६७ आणि ७३ असे वेगवेगळे आकडे येतात आणि त्याच्यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. वेग कळतो कसा म्हणाल तर दोन बटणांच्या मधे बॉलपेननं नागमोडी रेघ काढा आणि ताणून बघा, लाटा लांब होतात. प्रकाशाच्या लाटा अशाच लांबल्या की तो लालसर बाजूला सरकतो, त्याला ताम्रसृती म्हणतात.

आता मुख्य प्रश्न, कशात पसरतंय. लास्टिक खोलीतल्या हवेत पसरतं, इथं ते उदाहरण संपलं, पोरांना तसं सरळ सांगा. मग कागदावर १, २, ३, ४ असे आकडे लिहा, पुढं टिंबं टिंबं, संपतच नाहीत. त्याच्या खाली प्रत्येकाची दुप्पट लिहा, २, ४, ६, ८. शेजारशेजारच्या दोन आकड्यांतलं अंतर दुप्पट झालं, पण ओळीला बाहेरून नवीन जागा आणावी लागली का? नाही लागली. ओळ आधीही न संपणारी होती, आताही तशीच आहे. विश्व अनंत असेल तर ते सुरुवातीपासूनच अनंत होतं, फक्त आतलं सगळं एकमेकांच्या जवळ दाटीनं होतं. भाची इथं गप्प झाली, मग म्हणाली, म्हणजे बाहेर असं काही लागतच नाही. मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

बरं, आपले जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, त्यांना पण प्रसरण मान्यच होतं, महास्फोटातून (बिग बँग) सुरुवात झाली हे मान्य नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, लोक एकत्र करतात.

मग अनंत आहे का? इथं घरातली सोलापुरी चादर काढा. जमिनीवर सपाट पसरून खडूनं मोठा त्रिकोण काढा, कोनांची बेरीज १८०. कलिंगडावर काढला तर १८० पेक्षा जास्त भरते. विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश १३८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, त्याच्यातल्या कमी-जास्त गरम डागांचा आकार मोजून शास्त्रज्ञांनी असाच त्रिकोण तपासला आणि विश्व चादरीसारखं सपाट निघालं, फरक असलाच तर अर्ध्या टक्क्याच्या आत. मग झालं की अनंत? थांबा. तीच चादर गुंडाळून दोन काठ एकमेकांना जोडा. त्रिकोणाचे कोन तेच राहिले, पण आता त्या दिशेनं सरळ चालत राहिलं की परत तिथंच येतो. सपाट असून मर्यादित! म्हणून अनंत असू शकतं, नसूही शकतं, अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही. आपल्याला दिसू शकतो तो भाग मात्र मर्यादित आहे, सगळ्या बाजूंनी साधारण ४६५० कोटी प्रकाशवर्षं. १३८० कोटी वर्षांत प्रकाश एवढ्या लांबून कसा आला असं विचारतील, तर लास्टिकवर चालणारी मुंगी आठवायची, ती चालत असताना मागचा रस्ता पण ताणला जातो. आणि दिसतंय तिथं काही भिंत नाहीये, रात्री बार्शी रोडला हेडलाइटात दिसतो तेवढाच रस्ता असतो का?

शेवटी एकदा डोळ्यांनी दाखवा. डिसेंबरच्या अमावास्येच्या आसपास नान्नजच्या बाजूला ओळखीच्या कुणाच्या शेतात जा, शहरातल्या दिव्यांत नाही दिसत. साडेसात-आठला उत्तरेकडं तोंड करून वर बघा, इंग्रजी एमसारखी शर्मिष्ठा (हा ताऱ्यांचा समूह) दिसेल, तिचं जास्त टोकदार टोक ज्या दिशेला जातं तिकडं डोक्याच्या जवळ एक पुसट ढगासारखा डाग आहे, ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. ही मात्र लांब जात नाही, आपल्याकडंच येतेय, इतक्या जवळ गुरुत्वाकर्षण प्रसरणाला जिंकू देत नाही. वीस मिनिटं कुणी मोबाइल उघडायचा नाही, आणि सरळ रोखून न बघता जरा बाजूला बघा, मग डाग उठून दिसतो. तीच चादर खाली अंथरायला न्या, खडू झटकून.