दोन इंजेक्शनं झाली म्हणजे झालं का? कुत्र्याच्या पिल्लाच्या वॅक्सिनमधल्या या चुका टाळा

आमचा गोट्या गेला तेव्हा त्याच्या वॅक्सिनच्या पुस्तकात दोन स्टिकर होते. तिसरं इंजेक्शन नेमकं गणपतीच्या आठवड्यात येत होतं, गावाला जायची गाडी ठरलेली, म्हटलं दोन तर झालीयत, आल्यावर बघू. गावात अंगणात, पडवीत, वाडीतल्या कुत्र्यांबरोबर पोट भरून हुंदडला. परत आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी खाणं सोडलं, दुपारी पिवळी फेसाळ उलटी, रात्री रक्ताचे जुलाब, आणि तो वास, एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी दारातूनच कळतं पार्वो (पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा व्हायरसचा आजार) आहे म्हणून. चार दिवस सलाईन लावलं, पाचव्या दिवशी पहाटे गेला.

म्हणून आता कोणी विचारलं की पिल्लू आणलंय, वॅक्सिन द्यावं का, खर्च आहे, साइड इफेक्ट पण असतात म्हणे, तर मी सरळ सांगतो, द्या. घोळ बहुतेक वेळा कधी आणि किती यातच होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटचा डोस सोडणं

हे मला कोणी आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं. पिल्लू जन्मल्यावर आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, त्याला अँटिबॉडीज (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळतात. त्या पिल्लाला जपतात पण आपण दिलेल्या वॅक्सिनलाही आत काम करू देत नाहीत. त्या कधी संपतात हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, एकाच वेतातल्या दोन भावंडांचंसुद्धा वेगळं. कुणाच्या सहा-आठ आठवड्यांत उतरतात, कुणाच्या तीन साडेतीन महिने टिकतात. बाहेरून बघून कळत नाही म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यायचं आणि शेवटचं सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. म्हणजे पहिले दोन डोस काही पिल्लांत चक्क वाया जातात, आणि आपलं पिल्लू त्यातलं आहे का हे आपल्याला माहीत नसतं. "वॅक्सिन देऊनही गेलं हो" असं सांगणाऱ्यांना तारखा विचारा, पुष्कळदा गोष्ट इथेच अडकलेली असते. आमची तर अडकलीच होती.

डोस चुकलाच असेल तर घाबरून गप्प बसू नका, डॉक्टरांना खरी तारीख सांगा, ते पुढचं शेड्यूल नव्याने बसवून देतात.

"पहिलं झालंय" यावर विश्वास ठेवणं

विकणारा सांगतो ४५ दिवसांचं आहे, पहिलं इंजेक्शन झालंय. पुस्तक मागितलं की कोऱ्या कागदावर पेनने तारीख. बाटलीवरचा बॅच नंबर आणि एक्स्पायरीवाला स्टिकर चिकटवलेला नसेल, खाली डॉक्टरांची सही-शिक्का नसेल, तर झालंच नाही असं धरा आणि पहिल्यापासून सुरू करा. वयसुद्धा दातांवरून डॉक्टरांकडून बघून घ्या, ४५ म्हणून दिलेलं पिल्लू तीस दिवसांचं निघालेलं मी स्वतः बघितलंय. आणि वॅक्सिन दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं, मेडिकलमधून खिशात घालून उन्हातून आणून घरी कोणाकडून तरी टोचून घेणं म्हणजे पाणी टोचल्यासारखंच होऊ शकतं. शंभर दोनशे वाचतात खरे.

आमचे बाबा म्हणायचे, गावच्या कुत्र्यांना कोण इंजेक्शन देत होतं? बरोबर, कोणी देत नव्हतं. पण वेतातली सहा पिल्लं होती त्यातलं वर्षाने एकच दारात बसलेलं असायचं, आणि आपल्याला तेवढंच आठवतं. देशी पिल्लू काटक असलं तरी पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा व्हायरसचा आजार) त्याला सोडत नाहीत.

"आमचं घराबाहेरच जात नाही"

तुमच्या चपला जातात ना. पार्वोचा व्हायरस जमिनीत महिनोन्महिने टिकतो, फिनाइलवर भरवसा ठेवू नका. गोट्यानंतर आम्ही आधी साबणाने सगळं घासून मग एक भाग ब्लीच तीस भाग पाणी करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवली (ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फिनाइल अजिबात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो), त्याचं अंथरूण, भांडी, दोरी टाकून दिली. तरी मातीचं अंगण ब्लीचने होत नाही, म्हणून बुंदीला (आमची आताची कुत्री) आणायला जवळजवळ वर्ष थांबलो.

पण याचा उलटा अतिरेकही नको. चार महिने पिल्लाला खोलीत कोंडलं तर पुढे रिक्षा, कुकरची शिट्टी, लहान मुलं, सगळ्यालाच घाबरतं. माणसांची, आवाजांची ओळख व्हायचे दिवस तेच असतात. कडेवर घेऊन फिरवा, वॅक्सिन पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी खेळू द्या, फक्त रस्त्यावर आणि कचरापेटीशी हुंगायला खाली सोडू नका. दवाखान्यातल्या फरशीवर तर मुळीच नाही, आजारी पिल्लं तिथेच येतात.

बाकी छोट्या चुका भराभर. जुलाब, ताप असताना टोचून घेऊ नका. जंताचं औषध आधी वेळेवर झालेलं असू द्या. पॉमेरियन लहान आहे म्हणून अर्धा डोस द्या असा आग्रह धरू नका, डोस ग्रेट डेनला तेवढाच पॉमेरियनला. उंदीर आणि पावसाचं साचलेलं पाणी असलेल्या भागात राहत असाल तर लेप्टोबद्दल (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) विचारा, त्याच्या वॅक्सिनचे दोन डोस आणि मग दरवर्षी, आणि तो आजार माणसालाही होतो.

रेबीजबद्दल मात्र चर्चाच नको. तीन महिन्यांचं झालं की द्यायचं, वर्षाने परत, पुढे डॉक्टर सांगतील तसं. लक्षणं दिसायला लागली की कुत्रा काय, माणूसही जवळपास वाचत नाही. आणि पिल्लाला वॅक्सिन झालंय म्हणून त्याचा किंवा बाहेरच्या कुत्र्याचा दात लागला तर दुर्लक्ष करू नका, पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवायची, हळद चुना काही लावायचं नाही, लगेच दवाखाना.

साइड इफेक्टचं म्हणाल तर इंजेक्शननंतर एक दिवस पेंगतं, टोचल्या जागी गाठ येते, बुंदी त्या संध्याकाळी वरणभात सोडून नुसती झोपून होती. तोंड सुजलं, अंगावर गांधी आल्या, श्वास लागला किंवा सारख्या उलट्या सुरू झाल्या तर तसंच परत डॉक्टरांकडे, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच बाकावर बसायचं, घाई करून निघायचं नाही.

आणि पुस्तकाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. बुंदीने तिचं पुस्तक सोफ्याखाली नेऊन अर्धं चावलंय, रेबीजचा स्टिकर दोन बोटांनी वाचला.