परदेशी पाहुण्याचं सिमकार्ड

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेली परदेशी मुलं राहतात. त्यांच्या सिमसाठी मी स्वतः सोबत जाते. कोपऱ्यावरच्या दुकानात वेळ घालवू नका, थेट कंपनीचं स्टोअर गाठा. मूळ पासपोर्ट, व्हिसा (ई-व्हिसा असेल तर छापील प्रत) आणि इथल्या मुक्कामाचा पत्ता लागतो. सोबत ओळखीच्या माणसाचा भारतीय नंबर मागतात, ओटीपी त्यावर येतो. मी माझाच देते.

फॉर्म भरून झाला की स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. नाव-आडनावाची हमखास उलटापालट होते आणि मग सगळं अडतं. सिम सुरू व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून सकाळीच जावं. ते व्हिसाच्या मुदतीपुरतंच चालतं.

कितीही घाई असो, आपल्या नावावरचं सिम त्यांना देऊ नका. त्यावरून काही गैर घडलं तर जाब आपल्याला विचारतात. फसवून, दुसऱ्याच्या नावाने सिम घेतल्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. त्यांचं सिम सुरू होईपर्यंत घरचं वायफाय द्या, पोरांना आधी आईशी बोलू द्या.