एका घरात अनेक मांजरे गुण्यागोविंदाने कशी नांदवावीत

घराबाहेर न जाणारी तीन-चार मांजरे एका छताखाली सुखाने राहताना पाहणे हा मोठा आनंद आहे. एक दुसऱ्याचे कान चाटून स्वच्छ करत असते आणि तिसरे त्या दोघांना पाठ टेकून घुरघुरत असते, तेव्हा सगळ्या कष्टांचे चीज होते. हे चित्र मात्र आपोआप जुळून येत नाही. मांजर एकट्याने शिकार करते आणि एकट्याने खाते. कुणाशी पटले नाही, तर शक्यतो तिथून निघून जाणे हाच त्याचा मार्ग असतो, आणि बंद घरात नेमका तोच मार्ग उरत नाही. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एका प्रश्नाशी ताडून पाहावी: प्रत्येक मांजराला खाणे, पाणी, शौचाची जागा आणि विसावा दुसऱ्याची वाट न ओलांडता मिळतो का?

1. नवे मांजर आणण्यापूर्वी

नव्या मांजराची पशुवैद्याकडून तपासणी आणि लसीकरण करून घ्यावे. फेलाइन ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग घडवू शकणारा) आणि एफआयव्ही (रोगप्रतिकारशक्ती दुबळी करणारा) या मांजरांमधील विषाणूंसाठी रक्ताची चाचणीही करावी, कारण एकमेकांच्या सहवासातून ल्युकेमियाचा आणि चाव्यातून एफआयव्हीचा संसर्ग पसरतो. नसबंदी लांबणीवर टाकू नये. मादी पिल्लू साधारण 4 महिन्यांचे झाल्यावरही गाभण राहू शकते, आणि नसबंदी न झालेले बोके भांडतातही जास्त व घरभर लघवीच्या खुणाही करतात.

2. ओळख वासाने करून द्यावी, नजरेने नंतर

सर्वांत जास्त घाई याच टप्प्यावर होते आणि तिचे परिणाम पुढे कित्येक महिने निस्तरावे लागतात. नव्या मांजराला प्रथम एका वेगळ्या खोलीत ठेवावे आणि त्याचे अन्न, पाणी, लिटर बॉक्स (म्हणजे शौचासाठी लिटर, अर्थात वाळूसारखा शोषक भुगा, भरलेला ट्रे), लपायला एखादे खोके असे सर्व काही तिथेच द्यावे. एक मऊ कापड हलक्या हाताने त्याच्या गालांवरून फिरवून जुन्या मांजरांच्या बसण्याच्या जागी ठेवावे, आणि त्यांचे कापड त्याच्या खोलीत ठेवावे. गालांवरच्या ग्रंथींतून येणारा वास मांजरांच्या ओळखीचा मुख्य आधार असतो. जुने मांजर कापड हुंगून फिस्कारले, तर आहे त्याच टप्प्यावर थांबावे. हुंगून निवांतपणे निघून गेले, तर पुढे जावे.

त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, आधी दारापासून दूर आणि मग हळूहळू जवळ, एकाच वेळी जेवण द्यावे. दोन्हीकडची मांजरे दाराशी शांतपणे खाऊ लागली की जाळीतून किंवा किंचित उघड्या दारातून एकमेकांना दिसू द्यावे, आणि सर्वांत शेवटी आपल्या देखरेखीखाली काही मिनिटांची भेट घडवावी. या सगळ्याला काही दिवस लागतात, काही आठवडे लागतात, कधी महिनेही लागतात. वेग नेहमी सर्वांत भित्र्या मांजराने ठरवावा.

3. लिटर बॉक्स: मांजरांच्या संख्येहून एक जास्त

तीन मांजरांसाठी चार बॉक्स हा प्रचलित नियम आहे आणि तो पाळण्यासारखा आहे. मात्र चारही बॉक्स एकाच कोपऱ्यात ओळीने मांडले, तर मांजरांच्या दृष्टीने ती एकच जागा ठरते, आणि एखादे दांडगे मांजर तिथे वाट अडवून बसले की बाकीच्यांना सोफ्यामागे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून बॉक्स निरनिराळ्या खोल्यांत ठेवावेत. बॉक्सची लांबी मांजराच्या शरीराच्या साधारण दीडपट असावी, आणि लिटर बारीक व सुगंधविरहित असावे. माणसाला आवडणारा सुगंध मांजराला सहसा नकोसा असतो.

सफाई रोज, जमल्यास दोनदा करावी. टॉक्सोप्लाझ्मा हा माणसाला, विशेषतः पोटातल्या बाळाला, अपाय करू शकणारा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस घेतो, त्यामुळे रोजच्या सफाईने तो धोका पुष्कळ कमी होतो. तरीही गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. भलत्या जागी लघवी झाल्यास अमोनियायुक्त द्रवाने पुसू नये, कारण त्याचा वास लघवीसारखाच येतो. विकरयुक्त म्हणजे एन्झाइम असलेला क्लीनर वापरावा.

4. ताटल्या वेगळ्या, शक्यतो नजरेआड

शेजारीशेजारी ताटल्या मांडल्या की मांजरे निमूटपणे खाताना दिसतात, पण त्यांतले एखादे भराभर गिळते आणि थोड्या वेळाने ओकते, तर दुसरे अर्धपोटी उठते. पाण्याची भांडीही घरात दोन-तीन ठिकाणी असावीत.

5. घर उंचीने वाढवावे

जमिनीवर जागा कमी असली, तरी भिंतींवर फळ्या, उंच कपाटाचा माथा किंवा मजबूत कॅट ट्री (मांजरांना चढायला-बसायला फळ्या लावलेला उभा खांब) यांनी ती वाढवता येते. प्रत्येक उंच जागेवरून उतरायला दोन वाटा असाव्यात. खिडक्यांना आणि बाल्कनीला पक्की जाळी लावावी, नखे घासायला एकाहून अधिक खांब ठेवावेत, आणि लिलीची फुले घरात आणूच नयेत, कारण त्यांचा परागही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतो.

6. मुके भांडण ओळखावे

अंगावर धावून जाणे सगळ्यांना दिसते. दाराच्या मधोमध निवांत पसरलेले मांजर आणि त्याच्याकडे पाहून मागे फिरलेले दुसरे हा प्रसंग मात्र सहज नजरेतून सुटतो. टक लावून पाहणे, शेपटी आपटणे, एखाद्याने दिवसभर पलंगाखालीच राहणे, फक्त रात्रीच खायला येणे ही सगळी त्रासाची चिन्हे आहेत. अशा वेळी शिक्षा करू नये. त्रास देणाऱ्याचे लक्ष खेळण्याने वळवावे आणि त्रास सोसणाऱ्याला जास्तीची वाट व जागा करून द्यावी. प्रत्यक्ष झटापट झाली, तर मध्ये हात घालू नये. पुठ्ठा किंवा उशी मध्ये धरावी. माझ्या मते प्रत्येक मांजराशी रोज वेगळे खेळणे हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. काठीला बांधलेल्या पिसाच्या मागे त्याला धावू द्यावे, शेवटी ते पकडू द्यावे आणि लगेच खाऊ द्यावा. खेळ संपला की दोरी मात्र उचलून ठेवावी, कारण गिळलेली दोरी आतडी कापू शकते.

7. आजार कोणाचा, हे कळण्याची सोय करावी

अनेक मांजरांच्या घरात कोणी खाल्ले नाही आणि जुलाब कोणाला झाले, हे चटकन समजत नाही. प्रत्येकाचे वजन दरमहा लिहून ठेवावे. एखादे मांजर दिवसभर अन्नाला शिवले नाही, तर पशुवैद्याला कळवावे, कारण दीर्घ उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठावा. माणसाचे पॅरासिटामॉल आणि कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसवांचे औषध मांजराला कधीही देऊ नये.

दवाखान्यात नेण्यासाठी प्रत्येकाचा स्वतंत्र पिंजरा असावा. परत आलेल्या मांजराला औषधांचा आणि परक्या जागेचा वास लागलेला असतो, आणि कालपर्यंतचा सोबतीही त्याच्यावर फिस्कारू शकतो. त्याला काही तास वेगळ्या खोलीत ठेवावे, अंगाला घरातल्या अंथरुणाचा वास लागू द्यावा, आणि मगच बाकीच्यांत सोडावे.